हिल्डाच्या वहीतले एकेचाळीस प्रश्न

शुक्र. ३ ऑक्टो.

पाच वाजता वसईला फोन. हिल्डाच्या पप्पांना तिच्या वहीतला प्र. ३१ विचारला : "लहानपणी घरात रोकड कधी दिसायची?" ती २६ वर थांबली. २७ पासून मी विचारतोय, दर शुक्रवारी एक-दोन. उत्तर तिच्यासारखंच वहीत लिहून ठेवतो. अक्षर तेवढं वेगळं.

पप्पा म्हणाले, रोकड दिसायची केळी खपली तर. दलाल घडाला हात लावायचा आणि मान हलवायचा. मी म्हटलं, तेव्हा जगभर मंदी होती. "मंदी तुमच्या पुस्तकात. आमच्याकडं गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच." डझनाला एक आणा, पिकून काळी पडू लागली की अर्धा. मग उरलेल्यांची उन्हात वाळवून सुकेळी करायची. सकाळी सुकेळी, संध्याकाळी सुकेळी. "शेवटी आम्ही पोरंच सुकेळ्यासारखी दिसायला लागलो." सत्त्याण्णव वय. सकाळी काय खाल्लं आठवत नाही, दहाव्या वर्षीचं सगळं आठवतं.

शेवटी नेहमीचं. "हिल्डाला दे."

मीही नेहमीचंच. घशाचं ऑपरेशन, डॉक्टरनी बोलायला बंदी केलीय.

"अजून? चार महिने?"

हो म्हटलं.

"ऐकतेय तरी का? टेबलावर वाजवायला सांग तिला."

मी चमच्यानं स्टीलच्या पेल्यावर एकदा वाजवलं.

"हां," म्हणाले. आवाजावरून खूश वाटले.

पेला धुऊन ठेवला. जेवलो नाही.

रवि. ५ ऑक्टो.

ऑफिस, इथली सुट्टी शुक्र-शनि. पार्किंगचं ड्रॉइंग तिसऱ्यांदा बदललं.

संध्याकाळी शेरिलचा टोरांटोहून फोन. चमच्याचं तिला सांगायला नको होतं. सांगून बसलो. मग मराठीत बोलली, ती मराठीत बोलते तेव्हा गंभीर असते. "डॅडी, तू नानांना सांग ना. ते मोठा माणूस आहे. त्यांची मुलगी आहे ती."

खरं आहे. पण जूनमध्ये पप्पांचं खुब्याचं हाड मोडून ते हॉस्पिटलात, आणि त्याच आठवड्यात हि. गेली. दुपारी डोकं दुखतंय म्हणाली, संध्याकाळी खलास. दफन इथंच, मस्कतला केलं. मेहुण्याची बायको लोर्ना, पप्पांचं सगळं तीच करते, फोनवर रडत म्हणाली, "दाजी, आत्ता नका सांगू. पप्पा बसल्या जागी जातील." तेव्हा 'आत्ता' म्हणजे आठवडाभर असं वाटलं होतं.

मंगळ. ७ ऑक्टो.

वरच्या मजल्यावरचा सावंत बांगड्याचं तिखलं घेऊन आला. कुडाळचा, ए.सी.ची कामं करतो. "भात लावलास की नाही? नाही? मग कालवण काय चाटणार?" स्वतःच कुकर लावून गेला. जाताना हि.च्या चपला दाराशी दिसल्या, त्यांना वळसा घालून गेला. चपला उचलायला कोणी सांगत नाही हे बरं.

शुक्र. १० ऑक्टो.

प्र. ३२ : "गावात गाणी कुठं ऐकायचा?"

हा प्रश्न पप्पांना फार आवडला. बोटीवरून परतलेल्या पेद्रूकडे एकच फोनो होता. पैसे कोणाकडे नव्हते, म्हणून पेद्रू अंडी घ्यायचा. एका अंड्याला दोन तबकड्या. पिना विकत घ्यायला त्याच्याकडेही पैसे नसत, तीच पीन दगडावर घासून पुन्हा लावायची. त्यामुळे गाणारी बाई हळूहळू सर्दी झाल्यासारखी गायची. ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत फोनोवर टॉवेल. तरी पोरं जाऊन टॉवेलकडे बघत बसत.

एकदा पप्पांनी रवणीवर बसलेल्या कोंबडीखालचं अंडं पळवलं. पेद्रूनं तव्यावर फोडलं तर आत पिल्लू. "काय रे, गाणं ऐकायला पिल्लाचा जीव घेतलास?" महिनाभर बंदी. पप्पा कुंपणाबाहेर बसून ऐकत. "बाहेरून जास्त चांगलं ऐकू यायचं. खरं सांगतो."

हि. हसली असती. तिचं हसू लांबलचक असायचं, संपलं असं वाटायचं आणि पुन्हा

"हिल्डाला आवडलं का?" एकदा वाजवलं.

मंगळ. १४ ऑक्टो.

साइटच्या कामाला खाबुरा गावी. येताना रस्त्याकडेला केळीची बाग. ड्रायव्हरला थांबवलं. इतकी वर्षं इकडून जातोय, हि. दर वेळी म्हणायची थांबू या, मी दर वेळी म्हणायचो उशीर होतोय. म्हाताऱ्या शेतकऱ्यानं घडातून एक फणी कापून दिली, पैसे घेईना. शेवटी ड्रायव्हरनं त्याच्या हातात बळेच कोंबले. लहान, पातळ सालीची, गोड केळी. तीन खाल्ली. बाकीची सावंतला.

बाजारातली केळी हि. मवालेहच्या भाजी मार्केटातून आणायची. आता मार्केटच तिथून लांब हललंय. तिनं एवढी कटकट केली असती की

शुक्र. १७ ऑक्टो.

प्र. ३३, ३४ एकदम. तांदूळ रुपयाला किती, हे पप्पांना नक्की सांगता येईना. दहा-बारा शेर म्हणाले, मग म्हणाले, "मी कुठं आणायला जायचो? मला रॉकेल आणायला पाठवायचे." रॉकेलच्या बाटलीला मानेशी दोरी बांधलेली, ती बोटाला कापायची. दोरी आठवते, भाव आठवत नाही.

सिनेमाचा आठवतो. तंबूतला. जमिनीवर एक आणा, बाकावर दोन. पडद्याच्या मागे उभं राहिलं तर फुकट. मी विचारलं, मागून अक्षरं उलटी दिसत असतील? "सुलटी तरी कोणाला वाचता येत होती!" हीरो मात्र डावखुरा वाटायचा. पुढं मोठेपणी पुढून सिनेमा पाहिला तेव्हा हीरो उजव्या हातानं तलवार चालवतोय हे बघून फसल्यासारखं झालं.

मग पप्पांनी नवीन काढलं. "हो असेल तर एकदा वाजव. नाही असेल तर दोनदा. हिल्डा, जेवण जातं का गं?"

एकदा.

"हा बस्त्याव नीट बघतो का तुला?"

मी थांबलो. मग दोनदा वाजवलं. तिनं नक्की दोनदाच वाजवलं असतं.

पप्पा इतके हसले की खोकला लागला, लोर्नानं फोन घेतला. "दाजी, काय सांगितलंत त्यांना?"

नंतर खुर्चीत तसाच बसलो. तिच्या नावानं मी विनोद केला. तिच्यासारखा जमला. हे जास्त वाईट.

शुक्र. २४ ऑक्टो.

प्र. ३५ ते ३७. नवे कपडे वर्षातून एकदा, नाताळला, सगळ्या भावंडांना एकाच ताग्यातले. चर्चमध्ये पडद्यासारखे दिसायचे. बाकी वहीत लिहिलंय.

आता चारच उरले. संपल्यावर शुक्रवारी काय विचारायचं? मला स्वतःहून बोलता येत नाही. तीस वर्षं माझ्या वाटचंही हि.च बोलली.

सांगायचं ठरवलं होतं आज. ३७ नंतर. पप्पा म्हणाले, "चल, वाजवू दे तिला, मला रोजरीला बसायचंय." वाजवलं.

शनि. २५ ऑक्टो.

दोन नोव्हेंबर जवळ आला. मृतांचा दिवस. माझ्या आईबापाची नावं दर वर्षी आमच्या चर्चला कळवतो. यंदा हि.चं नाव तिच्या माहेरच्या चर्चलाही कळवलं. तिचा बाप्तिस्मा तिथला, पहिलं कम्युनियन तिथलं, लग्न तिथलं. निदान नाव तरी तिथं वाचलं जावं. लोर्नाला त्रास नको म्हणून चर्चच्या ऑफिसच्या नंबरवर सरळ मेसेज केला. "नाव नोंदवलं आहे" असं उत्तर आलं. बरं वाटलं. जूननंतर पहिल्यांदा तिच्यासाठी काहीतरी केलं असं.

शुक्र. ३१ ऑक्टो.

प्र. ३८, ३९. पप्पा थकलेले. थोडंच बोलले. वाजवलं.

रवि. २ नोव्हें.

कामावरून सुटल्यावर रुवीच्या चर्चमध्ये मिस्सा. नंतर टॅक्सीनं दफनभूमीत. मेणबत्ती वाऱ्यानं टिकेना, हातानं आडोसा धरून उभा राहिलो. शेजारच्या कबरीवर एक केरळी कुटुंब, त्यांच्या आजीनं मला काचेचं झाकण दिलं. ते लावल्यावर ज्योत टिकली.

सोम. ३ नोव्हें.

लोर्नाचा फोन ऑफिसात. बाहेर जिन्यात जाऊन घेतला.

"दाजी, हिल्डाचं नाव तुम्ही दिलंत?"

हो म्हटलं.

"मला विचारायचं तरी! अहो, पाय मोडल्यापासून पप्पा रविवारची मिस्सा मोबाइलवर ऐकतात ना! कालची स्मशानातली मिस्सापण मोबाइलवर होती. मीच लावून दिली, उशाशी ठेवली, आणि आम्ही सगळे कबरींवर मेणबत्त्या लावायला गेलो. फादरनी वर्षभरात गेलेल्या सगळ्यांची नावं वाचली. हिल्डाचं नवव्या नंबरवर. मी तिथं ऐकलं, मेणबत्त्या तशाच टाकल्या. धावत घरी आले."

पप्पा?

"डोळे मिटून पडलेले. फोन चालूच. मी विचारलं, पप्पा, मिस्सा ऐकलीत? म्हणाले, आवाज नीट येत नव्हता. चहा मागितला. प्यायले."

ऐकलं की नाही?

"मला काय ठाऊक! कान असे की कधी हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि स्वयंपाकघरात माशांचा भाव बोलले तर तिकडून ओरडतात, महाग घेतलेस."

तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "जाऊ द्या दाजी. तुमची पण बायको आहे." तिनं फोन ठेवला.

मंगळ. ४ नोव्हें.

झोप नाही. रात्री सावंतकडं जाऊन सगळं सांगितलं. त्यानं पंखा बंद केला, जणू त्यानं नीट ऐकू येणार होतं. म्हणाला, "शुक्रवारी कळेल. तू बोलू नको. त्यांना बोलू दे."

शुक्र. ७ नोव्हें.

पेला-चमचा साडेचारलाच टेबलावर ठेवला. पाच वाजता फोन लावला.

प्र. ४० : "त्या दिवसांतली कुठली चव पुन्हा मिळाली नाही?" पप्पा म्हणाले, पेजेवर आई लसणीची फोडणी द्यायची, तेल चमच्याचं टोक भिजेल एवढंच. "आता लोर्ना भरपूर तेल घालते, तरी तसा वास येत नाही. तिला सांगू नको." आवाज नेहमीचा. काहीच वेगळं नाही.

मग ४१. वाचायला गेलो आणि लक्षात आलं, तो पुरा नाही. "पप्पा, त्या दिवसांतलं तुम्हांला" एवढंच. पुढं कोरं. मे महिन्यात लिहिता लिहिता उठली असेल, दूध उतू जात असेल किंवा काही. पप्पांना तसं सांगितलं.

"तिची खोडच ती. काम अर्धं टाकून उठायची."

मागं लोर्नाच्या भांड्यांचा आवाज.

मी चमचा उचलून बसलो होतो. आता विचारतील, आता. पाच मिनिटं तरी गेली असतील, घड्याळात बघितलं तर एकच.

"बस्त्याव."

हां पप्पा.

"तिकडची माती कशी रे?"

मी म्हटलं, काय?

"माती. मस्कतची. आमच्यासारखी काळी नसणार. रेताड आहे का दगडाची? पाणी धरते का?"

म्हटलं, बघून सांगतो.

"बघून सांग. हाताला कशी लागते तेही सांग. प्रश्न सगळे तुम्हीच विचारलेत आजवर. हा माझा पहिला." मग म्हणाले, "तू जेवत जा." फोन लोर्नाला दिला.

हिल्डाला दे म्हणाले नाहीत. वाजवायला सांगितलं नाही. चमचा हातातच होता.

शनि. ८ नोव्हें.

शेरिलला सांगितलं. ती म्हणाली, "तर नानांना माहीत आहे." मी म्हटलं, शेतकरी माणूस, माती विचारणारच. ती म्हणाली, "डॅडी."

गुरु. १३ नोव्हें.

अर्ध्या दिवसाची रजा घेतली. दफनभूमीत गेलो. पाण्याची बाटली बरोबर.

अकरा वर्षं इमारतींच्या पायाची ड्रॉइंगं काढतोय. प्रत्येकावर मातीची माहिती लिहिलेली असते, थर, खोली, सगळं. हातात कधी घेतली नव्हती. तिच्या कबरीच्या कडेची मूठभर घेतली. भुरकट. बारीक खडी जास्त, माती कमी. मुठीत धरली तर गोळा होत नाही, बोटांतून निसटते. दुपारचं ऊन ओसरलं होतं तरी आतून कोमट. थोडं पाणी ओतलं. लगेच प्यायली. दोन मिनिटांनी वरून पुन्हा कोरडी, खाली बोट घातलं तर ओल होती.

पुन्हा ओतलं. बाटली संपेपर्यंत तिथंच होतो.

घरी येऊन हि.ची वही काढली. ४१ चं पान उलटून नव्या पानावर लिहिलं :

पप्पांचा प्र. १. माती.

खाली वरचं सगळं उतरवलं, उद्या वाचून दाखवायला. कुठली माती ते अजून लिहिलेलं नाही. त्यांनी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तरी, ओल खाली टिकते हे सांगताना माझा आवाज

पेला कपाटात ठेवलाय.