मिरामारचे पाणी

वडगाव, बेळगाव
फेब्रुवारी १९८१

श्रीयुत मनोहर यांस,
सादर नमस्कार.

मुलगी पाहायला पणजीला, मिरामारच्या किनाऱ्यावरच भेटू, असे आपल्या घरच्यांनी कळवले. तरीही आईने पाट आणि पोह्यांचा डबा घेतलाच. "पोह्यांबिगर पोरगी बघायची व्हय?" मी वाळूत पाट मांडून पोहे दिले. आपण ते वाळूसकट संपवलेत.

शिक्षण, स्वयंपाक, आवडीनिवडी यांची उत्तरे मी पाठ केली होती. कोणीच काही विचारले नाही. सगळे भेळ खात हसत होते. मग आपण पँट दुमडून विचारलेत, "पाण्यात येता?" मी मान हलवून नको म्हटले. अंगावरची साडी आप्पांनी माझ्यासाठी मागावर विणली होती. खाऱ्या पाण्याने बिघडली असती. आपण एकटेच गेलात.

आता आपला निरोप आला आहे : आम्हांला पसंत आहे, मुलीला विचारून कळवा. आमच्याकडे मुलीला कोणी विचारत नाही. शाळेत कायम पहिली आलेल्या मला उत्तर सुचेना. काल आप्पांना साडीचे सांगितले. माग थांबवून ते म्हणाले, "खुळी का काय गं तू! भिजली असती तर दुसरी इणली असती."

म्हणजे मला साडीने अडवले नव्हते. मग कशाने, ते अजून समजत नाही.

मुलीने परस्पर पत्र धाडणे बरे दिसत नाही, म्हणून हे माझ्यापाशीच राहील. आप्पांना मात्र एवढेच म्हटले आहे : उत्तर देण्याआधी मला पुन्हा एकदा समुद्रावर न्या. साडी तीच नेसेन.

नम्र,
अंजनी