पोचा आलेला तांब्या

शनिवार, दिवेलागण

सप्! चाळीस वर्षांपूर्वीचा, माझ्याच छडीचा आवाज. वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, किती गोड! आणि जो चुकला त्याच्या तळव्यावर, सप्!

किन्हीराजा गावातल्या उन्हाळी शिबिरात मी कविता शिकवतो. कवायत घेणारा दिनकर माझाच जुना विद्यार्थी. आज भर उन्हात त्यानं पोरं उभी ठेवली. आठ वर्षांची सुमी पाणी मागत होती.

"दिनकर, पानी पिऊ दे तिले."

"रांग सरळ झाल्याबिगर नाई. तुमीच त शिकवलं गुरुजी, कविता पाठ झाल्याबिगर पानी नाई!" हसत होता.

सुमी तोंडावर कोसळली. मी पितळी तांब्या उचलून त्याच्या कपाळावर हाणला. एकदा नाही, दोनदा. तांब्यावर रक्त. सुमीला आणि दिनकरला लोकांनी जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, अजून निरोप नाही. मी मारलं कोणाला? त्याला, की तेव्हाच्या मला? तांब्या तिथंच टाकून मी खोलीवर आलो.

कडी वाजली. पोलीस असतील म्हणून उठलो, तर दारात दिनकर. डोक्याला पट्टी, हातात पोचा आलेला तांब्या.

"सुमी सुद्दीवर आली, गुरुजी. पानी मीच पाजलं. याच तांब्यानं."