नव्या रंगाचे घोडे

१९ डिसेंबर
गोदामातून, सकाळी

प्रिय ताई,

पाया तू आल्यावर पडेन, तूर्त इथूनच वाकतो. घरी सगळं ठीक. ही बरी आहे. पोरगी ताडमाड वाढली आहे आणि तुझ्यासारखीच उत्तराला उत्तर देते. आई मजेत आहे. हे शेवटचं वाक्य मी दर पत्रात लिहितो, म्हणून आजही हात आपोआप तिकडे गेला.

तुझं पत्र पोचलं. आजारपणात चेहऱ्याची एक बाजू ओढली गेली ती गेलीच, बोलताना शब्द घसरतात, म्हणून फोनही सोडलास, हे सगळं वाचलं. ‘आईच्या मनात मी आहे तशीच राहू दे. ती मला बघून घाबरेल, कदाचित ओळखणारही नाही. महिनाअखेरीस तिकीट रद्द करते, तोवर तिला काहीतरी कारण सांग.’ कारण काय सांगू, ते मात्र लिहिलं नाहीस. ती दोनदा तुझी गादी उन्हात घालायला लावून बसली आहे. ताई, मी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि घरात अवाक्षर काढलं नाही.

आज बाहेर इतकं धुकं आहे की बंदरातल्या क्रेन अर्ध्यातून वर नाहीशा झाल्या आहेत. जहाजं नुसती भोंगे वाजवतात, दिसत नाहीत. माल हलत नाही, म्हणून मी एका लाकडी पेटीवर बसून तुला लिहितोय, आणि माझ्यासमोर घोडे उभे आहेत. खरंच सांगतो. लाकडाचे, पुढचे पाय उचललेले, ओळीनं. शटर अर्धं उघडं आहे, त्यातून धुकं आत येतं आणि त्यांच्या पायांत घोटाळतं. मधूनच वाटतं, आपण जरा दुसरीकडे पाहिलं की हे चालायला लागतील.

हे घोडे जत्रेतल्या पोरांच्या एका फिरत्या चक्राचे. आमच्या एका गिऱ्हाईकानं, त्यांना मी चक्रीवाले म्हणतो, ते हंगामापुरतं परदेशातून आणलं होतं. आता परत पाठवायचं. आत आणताना भरलेली ड्यूटी अशा वेळी बरीचशी परत मिळते, पण कस्टम खात्याची एक अट असते: आला तोच माल जायला हवा. तसाच दुसरा नाही, तोच. म्हणून माल येतानाच ओळखीच्या खुणा लिहून ठेवायच्या आणि जाताना अधिकाऱ्यानं त्या पडताळायच्या. एवढं करण्यासाठी लोक मला एजंट म्हणून ठेवतात.

तर मी शहाण्यानं घोडे आले तेव्हा खुणा काय लिहिल्या? तांबडं खोगीर, रंग उडालेला. निळा डोळा, पापणीवर ओरखडा. पिवळी आयाळ, मळकी. आणि चक्रीवाल्यांनी काय करावं? परत पाठवायच्या आधी सगळे घोडे नखशिखांत रंगवून घेतले! काल पेट्या उघडल्या आणि आतून हिरवीगार खोगिरं बाहेर आली. मी चक्रीवाल्यांना तिथंच गाठलं.

“अहो, हे काय करून ठेवलंत?”

“का? छान दिसताहेत की!” ते खुशीत म्हणाले. “एवढे दिवस पोरांना खेळवलं त्यांनी. पाहुण्याला घरी धाडताना मळक्या कपड्यांत धाडतात का कोणी?”

मला हसूही आलं आणि रडूही. ड्यूटी गेली तर हा माणूस पुढच्या हंगामात चक्र आणू शकणार नाही, आणि वर म्हणणार, जाऊ द्या हो, घोडे तर छान दिसले.

तपासणीला कस्टमच्या अधिकारी बाई आल्या. कडक, पण सरळ. त्यांनी माझा कागद वाचला, घोड्यांकडे पाहिलं, परत कागद वाचला. “तुमचे घोडे यात कुठे आहेत?” म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, हेच ते, फक्त रंग दिलाय. त्या म्हणाल्या, “ते मी कशावरून मानू? मला जे दिसतं तेच मी लिहिणार.” बरोबरच होतं त्यांचं. त्या दुसऱ्या मालाकडे गेल्या आणि मी घोड्यांमध्ये एकटा उरलो. नव्या रंगाचा वास, बाहेर भोंगे. टक लावून बघत राहिलो, पण जितकं बघावं तितके ते परके वाटायला लागले.

मग मी डोळे मिटले. हे मला कुठून सुचलं ते तुला आत्ता सांगतो, जरा थांब. डोळे मिटले आणि पहिल्या घोड्याच्या कपाळावरून हात फिरवला, मग गाल, मग कान. डाव्या कानामागं बोट एका खाचेत गेलं. दुसऱ्याच्या कानामागंही तशीच खाच, जरा तिरपी. तिसऱ्याची खोल. कोरणाऱ्यानं प्रत्येक घोड्याचं डोकं तिथंच कशात तरी अडकवून धरलं असणार. रंग वरून गेला होता, खाच बुजली नव्हती. धावत जाऊन घोडे आले तेव्हाचे फोटो फाइलीतून बाहेर काढले. भिंग लावून पाहिलं, तर प्रत्येक कानामागं ती आहेच! इतके दिवस होती आणि मी खोगिराचा रंग लिहीत बसलो होतो.

बाईंनी फोटो पाहिले, पण फोटोवर त्यांचं समाधान होईना. मी म्हटलं, हात लावून बघा. त्यांनी हातमोजा काढला. एकेका कानामागं बोट घालत, फोटोशी ताडत, त्या ओळीच्या टोकापर्यंत गेल्या. शेवटच्या घोड्यापाशी त्यांनीही डोळे मिटले होते, मी पाहिलं. “ओळख पटली,” म्हणाल्या आणि सही केली. चक्रीवाल्यांनी मला मिठीच मारली, त्या धक्क्यानं मी मागच्या खोगिरावर टेकलो आणि माझा शर्ट हिरवा झाला. ओला होता अजून रंग!

ही घरी ओरडली. आईनं मात्र शर्टाचा वास घेतला आणि विचारलं, “रंग का रे? कुठला?”

ताई, रंग कुठला हे तिला विचारावं लागलं.

आईला दिसत नाही. घे, लिहून टाकलं. आधी कडेकडेनं गेलं, मग मधलंही गेलं. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. आता ती बशीची कड चाचपून कप उचलते, दाराच्या कडीवरून खोली ओळखते, पोरीला वेणीवरून. मी घरात शिरलो की माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवते आणि म्हणते, दाढी कर. तुला कळवायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली होती. म्हणाली, “माझी कीव करत यायला नको ती. यायची तर मला भेटायला येऊ दे.” मी शपथ पाळली आणि प्रत्येक पत्रात ‘आई मजेत आहे’ लिहीत गेलो. ती आता मोडली. मला फार दिवस जड झाली होती गं.

तू म्हणतेस आईला सांगू नकोस, आई म्हणते ताईला सांगू नकोस. दोघी मला मध्ये धरून एकमेकींपासून तोंड लपवताय. तुला भीती, ती तुझा चेहरा बघेल. अगं वेडे, ती कशी बघणार? आणि तुझा आवाज बदलला असेल तर बदलू दे. परवा बसल्या बसल्या ती पोरीची करंगळी चाचपत होती. पोरगी म्हणाली, काय शोधतेस आजी? तर म्हणाली, “तुझ्या आत्याची वाकडी आहे. दारात चेमटली होती, मीच बांधली, ती वाकडीच जुळली. हजार बायकांत सांगेन.” आणि मग किती तरी वेळ तिनं पोरीची सरळ करंगळी सोडलीच नाही.

धुकं आता विरळ होतंय. घोड्यांच्या पेट्यांना खिळे ठोकायला माणसं आली आहेत. त्यांच्या पेट्या बंद करतो आणि हे पत्र टपालाच्या पेटीत टाकतो.

तिकीट रद्द करू नकोस. गादी उन्हात आहे. बाकी जशी झाली असशील तशी ये, करंगळी तेवढी आठवणीनं घेऊन ये.

तुझी ओळख पटवायला दारात उभा असलेला,
तुझा धाकटा