मागच्या खोलीची किल्ली

मी, कुमारी द्वारका झुलाल पाटील, बी. ए., वय वर्षे सव्वीस, राहणार जुने जळगाव, सध्या क्षयाच्या उपचारासाठी मुक्काम धुळे. शरीर थकले आहे, बुद्धी जागेवर आहे. हे लिहिण्यास मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझे थोरले बंधू धनसिंगभाऊ यांनी "असलं काही लिहू नको" म्हणून दोनदा हातातला टाक काढून घेतला. तरी माझ्या मागे असे व्हावे:

१. आमच्या घरामागची, वेगळे दार असलेली खोली वडिलांनी मला मृत्युपत्राने दिली. तेवढीच माझी मिळकत. ती मी बेबाबाई भिकन सोनवणे, हल्ली मुक्काम भडगाव, यांना मालकी हक्काने देते. कारण लिहिते, कारण ते लपवले तर हा कागदही पहिल्यासारखाच होईल.

बेबाबाई त्या खोलीत अकरा वर्षे भाड्याने राहत. कापसाच्या जिनात कामाला जात. भाडे कधी चुकले नाही. मला मुलींचा वर्ग काढायला जागा हवी होती. पण युद्धात भाडेनियंत्रणाचा कायदा आला, आणि वेळेवर भाडे देणाऱ्याला काढता येईना. वडील म्हणाले, "इतली शिकनी तू, कायदामा एक फट नही सापडत तुले?"

सापडली. भाडेकरूने आपण होऊन ताबा सोडला, तर खोली मोकळी.

१९४४ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बेबाबाई दरवर्षीप्रमाणे माहेरी गेल्या, आणि दरवर्षीप्रमाणे किल्ली माझ्याकडे ठेवून गेल्या. "तुयसीले पानी घालजो वं माय," एवढेच बोलल्या. मी वडिलांच्या वतीने भाडेनियंत्रण कचेरीला केलेल्या अर्जात लिहिले, 'भाडेकरूने किल्ली सुपूर्द करून ताबा सोडला.' दाराला नवे कुलूप लावले. तुळशीला पाणी मात्र रोज घातले.

कचेरीत साहेबांनी बेबाबाईंना विचारले, "किल्ली तुम्ही स्वतः दिली?"

"दिधी. घरनी पोर समजीसन दिधी. किल्ली दिधी, घर नही दिधं."

साहेबांनी पहिला शब्द तेवढा टिपून घेतला. कारकून म्हणाला, "द्वारकाबाईंचा अर्ज वकिलापेक्षा सुबक आहे." मला आनंद झाला होता. तोही येथे नमूद करते.

गेल्या वर्षी वडील वारल्यावर मी खोली परत द्यायला भडगावला गेले. बेबाबाईंनी पाणी दिले, घोंगडी अंथरली आणि म्हणाल्या, "जवलोंग तू मालकीण शे, तवलोंग त्या दारमा पाय नही ठेवाव मी." म्हणून हे मृत्युपत्र. मी असेपर्यंत त्या घेणार नाहीत.

२. परसात पडलेले जाते त्यांचेच आहे. माझ्या मिळकतीत धरू नये. बाहेर ओढताना माझ्या हातून त्याचा खुंटा मोडला. नवा बसवून द्यावा.

३. वर्गाच्या सात मुली आणि फळा धनसिंगभाऊंच्या ओसरीवर न्यावा. भाऊ, मुलींच्या गलक्यात भाकर गोड लागत नाही, असे तुम्ही म्हणता. लागेल. भागाबाई पाढ्यात अडखळते, तिला रागावू नका.

४. पदवीच्या झग्यातला माझा फोटो बैठकीतून काढून पेटीत ठेवावा. येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवून "आमची द्वारका" म्हणणे पुरे झाले.

५. बेबाबाईंचे जुने कुलूप आणि किल्ली माझ्या उशाखाली आहे. नवे कुलूप काढून ते लावावे. मी गेल्यावर येणाऱ्या पहिल्या आखाजीला भाऊंनी स्वतः भडगावला जावे. वकील, कारकून, नोटीस यांतले काही बरोबर नको. बेबाबाईंनी किल्ली घेतली नाही, तर खोलीचे दार नुसते लोटून ठेवावे, तुळशीला पाणी घालावे, आणि पुढच्या आखाजीला पुन्हा जावे. घेतली, तर सही, अंगठा, पावती काही मागू नये.

या वेळी किल्ली दिली म्हणजे घर दिले, असेच समजावे.

हा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

(सही) द्वारका झुलाल पाटील

साक्षीदार:
(सही) मोतीलाल चंपालाल, कापडाचे व्यापारी, धुळे
(सही) प्रमिलाबाई कौतिक, नर्स, धुळे

मुक्काम धुळे, तारीख ११ मार्च १९४६