धुक्यात पुढे जाणारे घड्याळ

२४ नोव्हें., रविवार

बिट्टन मार्केट. नलिनीला मेथीच्या ढिगापाशी सोडून घड्याळवाल्याकडे. त्याने माझ्यासाठी म्हणून क्रोनोग्राफ ठेवले होते, बटण दाबून सेकंद मोजायचे घड्याळ. स्विस, सोनेरी, डायल आरशासारखा. "साहब, ऐसा पीस भोपाल में दूसरा नहीं मिलेगा."

भिंग लावले. डायल रंगवलेला. आतल्या छोट्या वर्तुळांच्या कडा शेजारच्या आकड्यांना खाताहेत आणि सेकंदांच्या रेघा काट्याच्या टोकापर्यंत पोचतच नाहीत. मूळचा डायल असा नसतो. एकदा वरून ब्रश फिरला की संपले, खालचे परत येत नाही.

स्वस्त होते. स्वस्त असणे वेगळे आणि पैसे वसूल होणे वेगळे, हे त्याला समजावले. "आप इंजीनियर हो क्या?" नाही म्हटले. आयटीआय, फिटर. बाकीचे स्वतःचे स्वतः.

न. परतताना: "चार वर्षं बघताय. मला बघायला आलात तेव्हा चहासुद्धा पूर्ण प्यायला नव्हतात."

एकच घ्यायचे आहे. पण खरे.

२८ नोव्हें., गुरुवार

संध्याकाळी मोघेसाहेबांकडे, सामान बांधायला. आमच्या कारखान्याच्या टेस्टिंगमधून रिटायर झाले, वहिनी गेल्या, आता क्वार्टर सोडून पुढच्या महिन्यात १५ ला नागपूरला मुलीकडे. घर अर्धे खोक्यांत. भिंतींवर फोटोंच्या जागा तेवढ्या उजळ.

"अरे सुधाकर, तुला एक दाखवायचं राहिलंय."

रुमालात क्रोनोग्राफ. स्टीलचे. दोन डोळ्यांचे, म्हणजे डायलमध्ये दोन छोटी वर्तुळे. डायल कधीकाळी पांढरा असणार, आता सायीच्या रंगाचा, चारच्या आकड्याजवळ तपकिरी डाग. काच ओरखडलेली. बटण दाबले. आत बारीक काडी मोडल्यासारखा स्वच्छ आवाज, आणि काटा निघाला. परत शून्यावर आणला तर अजिबात थरथरला नाही.

चार वर्षे जे शोधतोय ते इथून तीन गल्ल्यांवर होते.

चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही.

रोटरची गोष्ट सांगितली त्यांनी. रोटर, म्हणजे मोठ्या मोटरचा फिरणारा गाभा, पूर्ण वेगात फिरवायचा, वीज तोडायची, आणि तो आपण होऊन थांबेपर्यंतचा वेळ ह्याच घड्याळावर मोजायचा. "सगळा हॉल गप्प. आधी घरघर, मग नुसता वारा, मग तोही नाही. फिरतोय की थांबलाय कळत नाही. तेव्हा मी बटणावर बोट ठेवून… झोपेत गेल्यासारखं वाटायचं रे."

"घेतोस?"

"आठ दिवस चालवून बघतो."

"बघ की. किंमत तूच ठरव. तुला त्यातलं कळतं."

३० नोव्हें., शनिवार

पहिली तपासणी. सकाळचा भोंगा, सायकल स्टँडवर उभा राहून. बरोबर. एका सेकंदाचाही फरक नाही. आभाळ स्वच्छ.

न. म्हणते रेडिओच्या पिप्-पिप्‌वर लावा. म्हटले, रेडिओ दिल्लीचा, भोंगा आपला. बावीस वर्षे अख्खी बरखेडा टाउनशिप ह्या भोंग्यावर उठते, दूध तापवते, पोरांना शाळेत पाठवते. त्याच्यावर आणखी कसली तपासणी?

"बरं बाई," म्हणाली. मला बाई म्हणते तेव्हा विषय संपलेला असतो.

३ डिसें., मंगळवार

दाट धुके. समोरचे क्वार्टर नाहीच. माणसे अर्धीच दिसतात, वरची अर्धी, पाण्यातून चालल्यासारखी.

भोंगा झाला तेव्हा घड्याळ पुढे. चाळीस सेकंद!

वाईट वाटले. दिवसभर हात खिशात, घड्याळावर.

५ डिसें., गुरुवार

काल स्वच्छ, काल बरोबर. आज धुके, आज पुन्हा पुढे.

कारण सापडले. थंडी आणि दमट हवा. तेल घट्ट होते, चाकाचा झोका लहान होतो, घड्याळ धावते. माझे रोजचेही हिवाळ्यात असेच धावते, म्हणून तर ते रोज सकाळी भोंग्यावर लावावे लागते. हे कुठे वाचलेले नाही, स्वतः जुळवले. सेक्शनमध्ये सांगितले तर तिवारी म्हणाला, "भाईसाहब, आप तो घड़ी के डॉक्टर हो."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत उन्हात बसून नुसता काटा बघत होतो. मोठा काटा फिरतो तेव्हा छोटा हळूच एक मिनिट उचलून ठेवतो. डोळे मिटले तरी दिसत राहतो. स्वप्नात रोटर आला की काटा, सांगता येणार नाही. काहीतरी मोठे, गोल, थांबत चाललेले.

८ डिसें., रविवार

घड्याळ परत केले.

प्रामाणिकपणे सांगितले. बटणे उत्तम, डायल मूळचा, पण डाग आहे. आणि धुक्यात पुढे जाते. कारणासकट सांगितले.

मो. खोक्याला सुतळी बांधत होते, ती तशीच हातात.

"पुढे जातं?"

"हवेमुळे, साहेब. दोष असा नाही—"

"मग हिवाळ्यातले माझे रोटर?"

हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. म्हणालो, तसं नाही हो. म्हणाले, "तसंच आहे. मी सह्या केल्यात." मग हसून, "डागही आहे खरा. तू बरोबर बोललास. तू नेहमी बरोबर बोलतोस."

फाटकापर्यंत पोचवायला आले, अनवाणी. तसे कधी येत नाहीत.

न. ला सांगितले. ती पोळी लाटत होती. "तुम्ही घड्याळ परत केलंत, की त्यांनाच परत केलंत?"



११ डिसें., बुधवार

लिहायला हात धजत नाही. तरी क्रमाने.

मालाच्या गेटपासवर शिक्का हवा होता म्हणून सकाळीच मेन गेटला. धुके. शिक्केवाला आला नव्हता, म्हणून शेजारच्या खोलीत टेकलो. भोंग्याची खोली. इतक्या वर्षांत आत गेलो नव्हतो. स्टूल, चहाचा ग्लास, भिंतीवर लाल बटण. भोंगा वाजवणारा यादव बटणावर तळवा ठेवून खिडकीतून रस्त्याकडे बघत उभा.

वरच्या घड्याळात वेळ होऊन गेली. म्हटले, "यादव, टाइम हो गया."

"हो गया साहब."

"तो बजाओ."

"जहाँगीराबाद वाली बस मुड़ जाए, फिर बजाता हूँ. कोहरे में ज़रा लेट आती है. भोंगा हो गया तो बेचारों का आधा दिन कट जाता है."

धुक्यात दोन पिवळे दिवे. वळले. त्याने बटण दाबले. मग माझ्याकडे बघून: "मुझसे पहले मिश्राजी थे, वो भी ऐसेइ करते थे. आप बोलना मत किसी को."

नाही बोलणार.

बावीस वर्षे मी बसवर घड्याळ लावतोय.

घड्याळ पुढे गेलेच नव्हते. भोंगा मागे होता. तेल, झोका, दमट हवा! स्वतः जुळवलेले! माझे रोजचे घड्याळसुद्धा बिचारे…

संध्याकाळी न. ला सांगितले. हसेल वाटले. हसली नाही. "आधी त्यांच्याकडे जा," म्हणाली.

१२ डिसें., गुरुवार

गेलो. सगळे सांगितले, उभ्यानेच. यादवचे नाव गाळून.

मो. ऐकत राहिले. "कोणती बस म्हणालास?"

"जहाँगीराबादची."

चष्मा काढला. खांदे हलायला लागले. मला वाटले रडताहेत, तर हसत होते. "अरे, क्वार्टर मिळायच्या आधी मी त्याच बसनं यायचो. कधी म्हणून उशीर झाला नाही. मला वाटायचं, ड्रायव्हर फार चांगला आहे!"

मग डोळे पुसत, "म्हणजे रोटर बरोबर होते."

"सगळे."

"हं." परत चष्मा लावला. खिडकीबाहेर बघत, "हं," पुन्हा.

मी म्हटले, साहेब, घड्याळ मला द्या. सांगाल त्या किमतीला.

"ते इथं कुठंय? चौकात नफीसभाईकडे दुरुस्तीला दिलं सोमवारी. म्हटलं सुधाकरला द्यायचं तर नवं करून द्यावं. वेळ लावून देतो म्हणाला, डायलही रंगवून देतो म्हणाला. डाग दिसणार नाही."

वरून ब्रश फिरला की संपले. त्यांना हे सांगवले नाही. किती आनंदाने सांगत होते.

१३ डिसें., शुक्रवार

कामावरून परस्पर चौकात. जुम्मा. शटर बंद. समोरच्या हॉटेलवाल्याने सांगितले, कल आना मियां.

परतताना तलावावर उभा राहिलो. पाणी सायीच्या रंगाचे होते, कुठेकुठे तपकिरी. सगळीकडे तोच डायल दिसतो.

१४ डिसें., शनिवार

रजा टाकली. मो. ना घेऊन चौकात. मालकाशिवाय नफीसभाई घड्याळाला हात लावू देणार नाही, म्हणून काल त्यांना खरे सांगून टाकले: डाग असलेलाच हवा. ते माझ्याकडे बघतच राहिले. "आधी नाही का सांगायचं?"

आधी मी डाग म्हणून सांगितला होता. किती सुंदर आहे ते सांगितले नव्हते.

नफीसभाई: "को खां, इतवार को सुनाते हो दाग़ है, शनीचर को कहते हो दाग़ ही चइये. आदमी हो कि मौसम?"

घड्याळ उघडे होते. डायल नाही. रंगवणाऱ्याकडे, इतवारा मोहल्ल्यात, मंगळवारीच गेला. माणूस पाठवला. रंगवणारा भाचीच्या लग्नाला सीहोरला, घराला कुलूप. रंगवून गेला की न रंगवता, कुणाला माहीत नाही. सोमवारी येईल.

डायलशिवायचे मशीन पुडीत बांधून मो. नी घेतले. वेळ लावायला म्हणून नफीसभाईने एकच काटा बसवला होता, सेकंदांचा छोटा. पितळी चाकांवर तेवढा एक फिरतोय. बसमध्ये दोघेही पुडीकडे बघत.

जहाँगीराबादची बस होती. मो. म्हणाले, "ड्रायव्हर चांगला आहे," आणि कंडक्टर वळून बघेपर्यंत हसत राहिलो.

१५ डिसें., रविवार

सकाळी मो. कडे. रिकामे घर. आवाज घुमतो. न. ने डबा दिला होता, आणि आमचा रेडिओ. खिडकीत धुके.

पुडी उघडून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. पिप्-पिप् झाले. शेवटच्या ठोक्याला काटा सरळ वर. तासाभराने पुन्हा पिप्-पिप्. काटा सरळ वर. आकडे नाहीत, रेघा नाहीत, आणि वेळ अगदी अचूक. दोघे तोंड उघडे टाकून बसलो, लहान मुले विहिरीत बघतात तसे.

स्टेशनवर गाडी लागल्यावर मो. नी पुडी माझ्या हातात दिली. "चावी देत जा. बंद पडू देऊ नकोस."

किमतीचे काढले तर म्हणाले, "डायल येऊ दे." मग दारातून वाकून: "सुधाकर, रंगवलेला आला तर? घेणार नाहीस?"

रंगवलेले घ्यायचे नाही, हा माझा नियम त्यांना ठाऊक आहे. सगळ्या टाउनशिपला ठाऊक आहे.

गाडी हलली. धुक्यात शेवटचा डबा फिरतोय की थांबलाय कळेना.

१६ डिसें., सोमवार

धुके. सायकल स्टँड. दिवे वळले, मग भोंगा. सगळ्यांनी मनगटे वर केली. मी नाही केले. पुडी खिशात, चालू.

दुपारी नफीसभाईचा सेक्शनमध्ये फोन. रंगवणारा आला. डब्बी दुकानात आहे, बंद. "मैंने खोली नईं. आप खुद खोलना."

सुट्टी झाली. सायकल बाहेर काढली आहे. मशीनला चावी दिली. निघतो.