ब्रेकची लाल रेघ

पुणे,
दि. ३ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप धर्मराजमामांस,
बेबीनंदाचा साष्टांग नमस्कार. इकडे आई आणि मी खुशाल आहोत. तुमची आणि मामींची खुशाली कळवावी. वि. वि.

भाऊबीजेला आलात, ओवाळून घेतलंत आणि पुढचा सारा वेळ माझ्या कॉम्प्युटरच्या स्टेअरिंगपाशी बसलात, म्हणून आई अजून कुरकुरते आहे. करंज्यांना हात लावला नाहीत म्हणे. पण मामा, पंचवीस वर्षं ट्रॅक्टर हाकणारा माणूस शर्यतीत बारावा यावा? गाड्या बाराच होत्या! प्रत्येक वळण तुम्ही इतकं लांबून घेत होतात, की हे असे का जातात म्हणून माझ्या मैत्रिणीने विचारलं. मी सांगितलं, त्यांच्या मागे उसाच्या दोन ट्रॉल्या आहेत, तुला दिसत नाहीत एवढंच.

जालन्याचं ते व्हिडिओ गेमचं दुकान आठवतं का? मी दहा वर्षांची होते. अंबडहून एसटीने नेलंत, रुपयाचं नाणं टाकून मला लाल गाडीत बसवलंत आणि मागे उभं राहून तोंडाने हॉर्न वाजवलात. सारं दुकान आपल्याकडे बघत होतं. सरळ रस्ता, दोन्हीकडे झाडं, गाडी आपटली की तीन कोलांट्या आणि लगेच नवी कोरी गाडी हजर. माझ्या आत्ताच्या गेममध्ये टायर झिजतात, डिझेल संपतं आणि आपटलेली गाडी आपटलेलीच राहते. असले गेम खेळून त्यातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, हे मामींना अजून पटलेलं नाही हे मला ठाऊक आहे.

मामींना नमस्कार. बाराव्या नंबरावर माझी माया आहेच, तुम्हीही भाचीवर राहू द्यावी.

तुमची,
बेबीनंदा


अंकुशनगर,
दि. ११ नोव्हेंबर २००३

चि. बेबीनंदास,
मामाचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझ्या मामीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि बाराव्या नंबरापाशी थांबून दोनदा हसली. हे उत्तरही तीच लिहिते आहे. अक्षर तिचं, शब्द माझे.

तुझा गेम मला बिलकुल पटला न्हाई. ब्रेक दाबला तर छातीला धक्का बसत नाही, चाकाखालची खडी बुडाला कळत नाही. गाडी बुडानं चालवायची असते. त्यापेक्षा जालन्याचा गेम बरा. मी खेळ आहे, असं तो तोंडावर सांगत होता. तुझा गेम खऱ्या गाडीचं सोंग आणतो आणि माझ्यासारख्याची फजिती करतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील, तर म्हण. दोन ट्रॉल्या जोडून दे, मंग बघू कोण पहिला येतो ते.

पुढच्या आठवड्यात ऊस सुरू होतोय. आमच्या मालकांनी, अप्पारावांनी, नवा ट्रॅक्टर घेतला आणि चावी माझ्याच हातात दिली. परवा कुठल्याशा मंडळानं ड्रायव्हर लोकांचे डोळे तपासले. दरवर्षी भिंतीवर तोच तक्ता असतो, आम्हा साऱ्यांना तो पाठ आहे. मी तर यंदा शेवटची ओळ उलटीकडून म्हणून दाखवली. पास!

तुझ्या आईला, आमच्या तुळजाअक्काला सांग, करंज्या पोस्टानं पाठवल्या तरी खाईन. आमचा जीव तुमच्यात आहे, तुमचाही इकडे असू दे.

तुझा,
धर्मराजमामा


पुणे,
दि. १६ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप मामांस,
बेबीनंदाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. हे पत्र मामींनी एकही ओळ न गाळता वाचावं, ही विनंती.

तक्त्याची गोष्ट वाचून आई पोट धरून हसली. मीही हसले. मग हसू ओसरलं, आणि तुमची शर्यत सीडीवर घेऊन ऑफिसात पुन्हा लावून पाहिली. या गेममध्ये आपण केलेलं सगळं जपून राहतं. ब्रेक दाबला की खाली लाल रेघ उमटते. वळणांवरची तुमची रेघ फार छान आहे मामा, ओझं वाहिलेल्या माणसाची, हळू आणि लांब. पण तिसऱ्या वळणापुढे एक राखाडी गाडी बंद पडून उभी होती. तीन फेऱ्यांत तीनदा तुम्ही तिला धडकलात आणि तिन्ही वेळा लाल रेघ नाही. अंदाज चुकलेला माणूस उशिरा का होईना, ब्रेक मारतो. तुम्ही मारलाच नाहीत.

आधी मी गेममध्येच चूक शोधली. माझं कामच ते. दोन दिवस शोधली, सापडली नाही. आणि पोस्टकार्डावर मुंगीएवढ्या अक्षरात सगळ्या गावाची खबर लिहिणारे तुम्ही, पत्र मामींकडून का लिहून घेता?

मला भीती वाटते आहे. ऊसतोडीवाल्यांची पोरं तुमच्या ट्रॅक्टरच्याच रस्त्याच्या कडेने चालतात. तिथे आपटल्यावर नवं काही हजर होत नाही. माझ्यावर रागवा, पण ट्रॅक्टरवर चढण्याआधी डोळे दाखवा, तक्ता पाठ नसेल अशा ठिकाणी.

रागातही लोभ राहू द्यावा.

तुमची,
बेबीनंदा


अंकुशनगर,
दि. २० जानेवारी २००४

चि. बेबीनंदास,
मामाचे आशीर्वाद. दोन महिने उत्तर दिलं नाही. आधी राग आला. कालची पोर मला गाडी शिकवते, असं तुझ्या मामीला म्हणालो आणि पत्र माळ्यावर भिरकावलं.

ऊस सुरू झाला त्या दिवशी ट्रॅक्टर चालू केला आणि वाड्याच्या फाटकापाशी बंद केला. गेल्या हंगामात आमच्या शेजारच्या कचरूचं करडू माझ्या चाकाखाली आलं होतं. आडवं आलं, मी काय करू, असं साऱ्यांना सांगितलं. वर कचरूलाच झापलं, की जनावर बांधत जा म्हणून. बेबी, ते आडवं आलं नव्हतं. रस्त्यात उभं होतं. मला दिसलंच नव्हतं. तिथंही मी ब्रेक मारला नव्हता. हे मी तुझ्या मामीलासुद्धा बोललो नव्हतो.

चावी अप्पारावांना परत दिली. जालन्याच्या डॉक्टरानं वेगळाच तक्ता लावला, तरी मी सवयीनं जुनाच म्हणून टाकला. पाठांतर चांगलं आहे, आता वाचा, असं तो म्हणाला. पहिली ओळही आली नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं होळीनंतर आहे. हे पत्र माझ्या हातचं आहे. अक्षर वाकडं असलं तरी मला दिसतंय.

कचरूकडे जाऊन खरं ते सांगितलं. त्यानं आतल्या बाजूला तोंड करून चहा टाकायला सांगितला. ट्रॅक्टर सध्या नवा ड्रायव्हर बद्रीनाथ हाकतो. वळणं इतकी आखूड घेतो, की बघवत नाही. आता दिसतं, म्हणून त्रास जास्त होतो.

पाडव्याला पुण्याला येतो. अक्काच्या करंज्या आधी खाईन, शब्द देतो. तुझ्यावरचा जीव आहे तिथंच आहे, फक्त एक काम कर. ती शर्यत पुसू नकोस आणि ती राखाडी गाडी तिथंच उभी असू दे. पुन्हा बारावा आलो तरी चालेल. मला एकदा तिच्या अलीकडे ब्रेक मारायचा आहे.

तुझा,
धर्मराजमामा