मधली चार पानं

सांगली,
६ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. सुचेतास दादाचे अनेक आशीर्वाद, विनंती विशेष ही की पुढचं शांतपणे वाचावं.

शेहेचाळिसाव्या वर्षी चार हमालांकरवी मीरा रोडच्या तिसऱ्या मजल्यावर जुना पियानो चढवलास हे कळलं. पाणी टँकरचं आणि सूर घरचे; छान चाललंय. शिकवणाऱ्या बाई सोपा तुकडा घ्या म्हणतात, आणि तू नाक मुरडतेस. तीस वर्षं संस्कृत शिकवलंय मी. ‘रामः रामौ रामाः’ घोकायला लाजणारे सगळे थेट महाकाव्याला हात घालतात आणि पहिल्या श्लोकातच आडवे होतात. यतीनरावांना कापसाचे बोळे पाठवू का?

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवण्याची घाई नाही.
आत्माराम

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड,
१३ ऑक्टोबर १९९६

ती. दादास सा. न. वि. वि.

बोळे नकोत, तुझी पत्रं ऐकून त्यांचे कान तयार झालेत. भाईंदरच्या आमच्या डिमेलोबाईंचा विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आठ डिसेंबरला आहे. दिवाळीपर्यंत तुकड्याचं नाव कळवलं नाही तर यादीतून कापते म्हणाल्या. त्यांनी चौथी सोनाटिना सुचवलीय, पोरांच्या पुस्तकातली छोटी रचना. मी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. या वयात झबलं-टोपडं घालून स्टेजवर बसू?

मला वाजवायचाय तो बासष्ट साली परेराबाईंकडे शिकताना अर्धा राहिलेला तुकडा. अवघड होता, भारदस्त होता. त्याच्या छापील स्वरलिपीची मधली चार पानं ट्रंकेत आहेत. वरचा जोडकागद, म्हणजे नाव, आरंभ आणि शेवट, तू काढून संस्कृतच्या वहीला कव्हर घातलंस. कावळ्याचे पाय कोणाला हवेत म्हणालास. त्याच आठवड्यात बाबांच्या साहेबांनी आपल्याकडे ठेवलेला पियानो परत नेला. नाव आठवत नाही, म्हणून दुकानातही मागता येत नाही. नुसतं शेपूट-डोकं नसलेलं बाईंना दाखवायची लाज वाटते.

तू फाटका रुमालही टाकत नाहीस. वही शोध.

आशीर्वाद असू द्या, उपदेश राहू दे.
सुचेता

सांगली,
२० ऑक्टोबर १९९६

चि. सौ. सुचेतास आशीर्वाद.

वही माळ्यावर सापडली. माझी खळ चौतीस वर्षं टिकली, कव्हर वाफेवर सोडवावं लागलं. नाव आतल्या बाजूला होतं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. तुझा भारदस्त तुकडा म्हणजे चौथी सोनाटिना, आणि खाली छापलंय, ‘लहान हातांसाठी’. जे पुस्तक उघडायला तुला कमीपणा वाटला, त्यातच तो बसलाय. अख्ख्या वर्गाला पुरेल एवढा मी हसलो.

मग शेवटचं पान उलटलं. समासात परेराबाईंनी पेन्सिलीने लिहिलंय, ‘शेवट शनिवारी’. त्याच्यावरून मी शाईने रूपं घोटलीत.

साहेबांनी पियानो मागितला नव्हता. या गोंगाटात माझा संस्कृतचा अभ्यास होत नाही असं मी बाबांना सांगितलं, आणि त्यांनीच घेऊन जा म्हणून निरोप धाडला. तो विषय मी पुढे आयुष्यभर शिकवला. आता तुला हसायचं तर हस.

कागद सोबत आहे. शाईला इलाज नाही.
आत्माराम

बेव्हर्ली पार्क,
२७ ऑक्टोबर १९९६

ती. दादास सा. न. वि. वि.

कागद पोचला. बाईंचं पुस्तक अखेर उघडलं. मधली पानं तीच, पण अगदी सोपी निघाली. बारा वर्षांच्या हातांना तीच डोंगर वाटली असणार. नाव कळवलंय. बाईंनी फक्त चष्म्यावरून पाहिलं. त्यापेक्षा तुझी दोन पत्रं बरी.

निरोपाचं बाबांनी जाण्याआधी मला सांगितलं होतं. तू कधी सांगतोस ते मी पाहत होते. चांगलाच वेळ घेतलास.

आठ तारखेला ये. सात वर्षांच्या एका मुलीनंतर माझा नंबर आहे. पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवते. गोंगाट होईल. वही आणू नकोस.

तुझी,
सुचेता